सामानाचं फाटक

क्रीडा उद्यानाच्या फाटकानं हेमलता तोडकरांकडे क्षणभर पाहिलं आणि अतिशय गोड आवाजात सांगितलं, “आज आपल्याला विश्रांतीची गरज दिसते. पुन्हा या.”

“तिला नाही, तुला आहे,” श्रीरंग तोडकर म्हणाले. त्यांनी पत्नीची चाकांची खुर्ची थोडी मागे घेतली आणि पुन्हा पुढे ढकलली. फाटकानं तेच वाक्य तितक्याच गोडव्यानं ऐकवलं.

मागे रॅकेट घेऊन उभ्या असलेल्या मुलीनं विचारलं, “काका, मी आधी जाऊ?” तिनं फाटकाला सगळे दात दाखवले. फाटक उघडलं, ती गेली, ते मिटलं.

उद्यान नगरपरिषदेचं होतं आणि चालवायला ‘हर्षवर्धिनी’ नावाच्या कंपनीला दिलेलं होतं. पूर्वी नगरपरिषदेची देखरेख समिती अधूनमधून पाहणीला यायची. म्हणजे व्यवस्थापकाच्या खोलीत बसून भजी खायची आणि भज्यांप्रमाणेच उद्यानही उत्तम असल्याचं कळवायची. त्यावर बोभाटा झाला, तेव्हा समाधानमापक आला. फाटकावर आणि दिव्यांच्या खांबांवर बसवलेले कॅमेरे माणसाच्या चेहऱ्याचे स्नायू वाचत आणि तो किती समाधानी आहे ते टक्क्यांत थेट नगरपरिषदेला कळवत. मध्ये माणूस नाही, त्यामुळे भजी नाहीत. आकडा नव्वदच्या खाली घसरला की ठेका रद्द. कंपनीनं उद्यान सुधारण्याचा विचार केला असेलही. पण असमाधानी माणूस फाटकावरच ओळखणं जास्त सोयीचं निघालं.

आता, समाधान कशाला म्हणायचं हे यंत्राला शिकवायचं, तर नमुन्याचे चेहरे हवेत. त्यासाठी गावकऱ्यांना भल्या पहाटे चित्रणाला बोलावलं होतं. आले फक्त हास्यक्लबचे सभासद. त्यामुळे दोन्ही हात वर करून ‘हो हो, हा हा’ करणारा मनुष्य यंत्राच्या लेखी पूर्ण समाधानी ठरला, आणि बाकावर गप्प बसून पिंपळाकडे बघणारा जेमतेम काठावर पास. श्रीरंगरावांनी आरशासमोर सराव करून काठाच्या थोडं वर यायचं जमवलं होतं.

हेमलताबाईंना ते जमणार नव्हतं. त्यांना कंपवात होता. या आजारात हात थरथरतात हे सगळ्यांना माहीत असतं. चेहरा हळूहळू थिजतो हे घरच्यांनाच कळतं. आतलं माणूस जागच्या जागी असतं, फक्त त्याची खिडकी बंद होते. आवाजही गेल्यातच जमा होता. पण एके काळी त्या बॅडमिंटन शिकवत, आणि उद्यानातल्या कोर्टासमोर खुर्ची लावली की त्यांना कंठ फुटायचा. “हा गडी माशा मारतोय,” असं त्या दगडी चेहऱ्यानं पुटपुटत आणि श्रीरंगराव ठसका लागेपर्यंत हसत. हे मापकाचं फाटक बसल्यापासून त्या बोललेल्या नव्हत्या. घरात फक्त मिक्सर बोलत होता.

श्रीरंगरावांनी देखरेख समितीकडे तक्रार केली. अध्यक्षा नगरसेविका सरोजताई भोईटे यांनी पडद्यावर आकडा पाहिला.

“तोडकरकाका, शहाण्णव टक्के लोक समाधानी आहेत हो.”

“आतले आहेत, ताई. आम्ही बाहेर आहोत.”

“बाहेरच्यांचं समाधान समितीच्या कक्षेत येत नाही ना. बाहेर रस्ता आहे. तो बांधकाम खात्याकडे.”

श्रीरंगराव उठले नाहीत. “ती बोलत नाही घरी,” एवढंच म्हणाले. सरोजताईंनी चष्मा काढला आणि नियमात बसत नसतानाही दुसऱ्या दिवशी स्वतः उद्यानापाशी आल्या.

उन्हातून, कपाळाला आठ्या घालून आल्या. फाटक म्हणालं, “आज आपल्याला विश्रांतीची गरज दिसते.”

“अरे, मी देखरेख समिती आहे!”

“पुन्हा या.”

सरोजताईंनी इकडे तिकडे पाहिलं आणि निवडणुकीच्या फलकावरचं हसू चेहऱ्यावर आणलं. फाटक असं उघडलं, की जणू हार घालणार होतं.

व्यवस्थापक धुमाळ धावत आले. फाटकाबाहेर श्रीरंगरावांसोबत ताटकळलेल्या हेमलताबाईंना पाहून त्यांना खरंच वाईट वाटलं. तसा माणूस चांगला होता. “ताई, मापकाला हात लावला तर करार मोडतो. पण एक आहे. खेळाचं साहित्य, चटया, बाळगाड्या बाजूच्या फाटकानं येतात. तिथं मापक नाही. सामान म्हणून नोंद झाली, की आतले कॅमेरेही मोजत नाहीत. सामानाला चेहरा नसतो. खुर्ची त्या फाटकानं घेतली, तर खुर्चीवर काय आहे ते कोण बघतंय?”

सरोजताई हेमलताबाईंकडे पाहायचं टाळत म्हणाल्या, “सध्या एवढं करू, काका. पुढच्या बैठकीत विषय घेते मी.”

श्रीरंगरावांनी मान डोलावली. बाजूच्या फाटकावर ‘सामान’ अशी पाटी होती. तिच्याखालून खुर्ची गेली आणि खांबावरच्या आवाजानं निर्विकारपणे नोंदवलं, “सामान, एक.”

कोर्टासमोर त्यांनी खुर्ची लावली, चाकं अडकवली आणि शेजारी बसले. एक लठ्ठ गृहस्थ रॅकेट घेऊन फुलामागे धावत होते. श्रीरंगराव खेळ सोडून पत्नीकडेच बघत होते.

“दांडा बघा कसा धरलाय,” हेमलताबाई पुटपुटल्या. “पोळी उलटायला निघालाय.”

श्रीरंगराव हसले, आणि हसता हसताच त्यांनी तोंड दुसरीकडे वळवलं.

“अहो, मला अजून वाचता येतं,” त्या म्हणाल्या. “पाटी वाचली मी.”

“हेमा, ते तात्पुरतं आहे. ताई बैठकीत—”

“असू द्या. सामानाला हसायची सक्ती नसते, तेवढं बरंय.” त्यांना दम लागला होता. फूल दोनदा जाळ्यापलीकडे जाऊन आलं, तोवर त्या थांबल्या. “मी गेल्यावर तुम्ही इथंच येणार.”

“भलतंच बोलू नकोस.”

“दुसरीकडे कुठं जाणार? आणि तेव्हा तुमचा चेहरा कसा असेल ते मला माहीत आहे. मोठं फाटक काही घेणार नाही तुम्हाला.” त्यांची नजर कोर्टावरच होती, चेहऱ्यावरची रेषही हलली नव्हती. “मग त्या बाजूच्या फाटकातून तुम्हाला ढकलत आत कोण आणणार, हो?”