चौथा रकाना

तीस जणांच्या त्या घोळक्यात बूट काढणारा तो एकटाच होता.

अल क्वोजमधल्या टिंबर हॉलचं स्टेज बघायला लोक फार लांबून येतात. कंट्री म्युझिक, म्हणजे अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांतलं गिटार-फिडलचं गाणं, आखातात ऐकायचं तर इथेच, अशी त्याची ख्याती. बाहेरून बघाल तर साधं गोदाम. शेजारी टायरवाला, समोर फरशीवाला. आत मात्र लाकडाचा वास, भिंतभर टोप्या आणि दर शनिवारी दुपारी पाहुण्यांची टूर. शेवटी स्टेजवर उभं राहून फोटो काढायला मिळतो, म्हणून सगळे धाडधाड पायऱ्या चढले. हा मात्र पहिल्या पायरीशी थांबला. वाकून त्याने जाडजूड सेफ्टी बुटांच्या लेस सोडल्या, नुसत्या मोज्यांनी वर गेला, स्टेजला हात लावला आणि तो कपाळाला टेकवला.

टूर सांगणाऱ्या सुमेधाचं इंग्रजी वाक्य अर्ध्यावरच राहिलं.

"कुठले तुम्ही?" तिने सरळ मराठीत विचारलं.

तो दचकला, मग हसला. "गुहागरचा. किसन. सध्या शारजा, इंडस्ट्रियल एरिया. ट्रकच्या बॉड्या बनवतो. एक काम कराल का, मॅडम? बुटांकडे जरा लक्ष ठेवाल? नवे मागितले की आमचा फोरमन इन्शाल्ला म्हणतो, आणि मग दोन महिने जातात."

तिने ते उचलून कडेला ठेवले. आपण कुणा परक्याचे बूट हातात घेतले, हे तिच्या लक्षात आलं ते दीड तासावरच्या खलिफा सिटीला घरी पोचल्यावर. आणि मग झोपेपर्यंत तेच लक्षात राहिलं.

पुढच्या शनिवारी तो पुन्हा आला. त्याच्या पुढच्याही.

"टूर पाठ झाली असेल आता तुमची," पाचव्या शनिवारी ती म्हणाली.

"टूरकडे लक्ष असतं तर झाली असती."

"मग कुठे असतं?"

"बुटांकडे," तो म्हणाला. "आणि… सांभाळणाऱ्यांकडे."

सुमेधाने घाईघाईने सगळ्यांना टोप्यांच्या भिंतीकडे नेलं. ती भिंत खरं तर मघाशीच दाखवून झाली होती.

टिंबर हॉलची एक खास रीत आहे. टूरनंतर हॉल सगळ्यांना खुला होतो आणि तीन पाहुण्यांना स्टेजवर पाच-पाच मिनिटं मिळतात. काहीही गा, काहीही वाजवा. पण आधी माइकवर सांगायचं, हे कुणासाठी. त्यासाठी एक कार्ड भरून घेतात. चार रकाने: नाव, गाव, गाणं आणि कुणासाठी. गाणं संपलं की निवेदक ते कार्ड मोठ्याने वाचतो आणि मग ते भिंतीवर लागतं, कायमचं. कार्ड भरून घ्यायचं काम सुमेधाचं. मनिलाच्या एका नर्सने चौथ्या रकान्यात आपल्या आईचं नाव लिहिलं, तेव्हा अख्खा हॉल रडला होता. एका ब्रिटिश आजोबांनी कुत्र्याचं लिहिलं होतं, तेव्हाही.

बाराव्या शनिवारी किसनने नाव नोंदवलं. तो बेंजो वाजवायचा. आपल्याकडे मिरवणुकीत असतो तो, कळा दाबून तारा छेडायचा. रूमवर उशी लावून, आवाज दाबून वाजवायचा, पण वाजवायचा. त्याने कार्ड भरलं. किसन. गुहागर. शिमग्यात पालखी नाचवतानाची चाल. चौथा रकाना कोराच.

"हा राहिला," ती म्हणाली.

"तो स्टेजवर सांगीन."

"लिहावं लागतं."

"लिहायचं कसं, मॅडम? समोरच्यांना विचारलेलंच नाही अजून."

नेमके त्याच दिवशी सुमेधाचे आईबाबा टूरला आले होते. सुरेश आणि सुचित्रा, पहिल्यांदाच. लेक दीड तास गाडी हाकत जाते तरी कुठे, हे बघायला. आणि उद्या सकाळी अकरा वाजता पुण्याच्या निनादशी व्हिडिओ कॉल ठरला होता. मुलगा चांगला, नोकरी चांगली, घर चांगलं. नाही म्हणायला सुमेधाकडे एकही कारण नव्हतं. होतं ते या घडीला मोज्यांवर उभं राहून बेंजोच्या तारा लावत होतं.

त्याने आपलं नाव घेतलं तर? आई तिथल्या तिथे उठेल, बाबा गाडीत एक शब्द बोलणार नाहीत. आणि नाही घेतलं तर? दुसरंच कुणाचं घेतलं तर? गावाकडे कुणी असेल. बारा शनिवार आपण नुसते एका माणसाचे बूट राखले असतील. यातलं कुठलं जास्त वाईट, हे तिला ठरवता येईना.

पहिल्या पाहुण्याचं गाणं संपलं. दुसरा वर गेला. ती पडद्यामागे किसनजवळ आली.

"माझे आईबाबा आलेत," ती कुजबुजली. "तिसऱ्या रांगेत."

"ते टोपीवाले?"

बाबांनी खरोखरच विक्रीची टोपी घालून बघितली होती, आणि आई म्हणत होती, "अहो, दोनशे दिरहॅम, म्हणजे जवळजवळ पाच हजार रुपये. ठेवा ती जागेवर."

"तुम्ही… स्टेजवर कुणाचं नाव घेणार आहात?"

"घेऊ?"

"नको. म्हणजे… मला काय विचारता?"

"दुसऱ्या कुणाला विचारू?" तो म्हणाला. ट्रकचे पत्रे वाकवणारा माणूस, पण लावलेलीच तार पुन्हा पुन्हा लावत होता. "घेऊ की नको, मॅडम?"

तिने कार्ड खिशात सरकवलं. तेवढ्यात टाळ्या वाजल्या, निवेदकाने त्याचं नाव पुकारलं. किसनने क्षणभर वाट पाहिली, मान हलवली, नेहमीसारखे बूट तिच्याकडे दिले आणि तो गेला.

पायरीशी वाकला. स्टेजला हात, मग कपाळाला.

"हू इज धिस फॉर, माय फ्रेंड?" पांढऱ्या मिशांच्या निवेदकाने विचारलं.

किसन माइकसमोर उभा राहिला.

"बारा शनिवार ज्यांनी माझे बूट सांभाळले," तो मराठीत म्हणाला, "त्यांच्यासाठी. नाव मी घेणार नाही. त्या अजून हो म्हणालेल्या नाहीत."

दोनशे लोकांनी काही न कळता टाळ्या वाजवल्या. कळलं फक्त तिघांना. तिसऱ्या रांगेतल्या आईने मान वळवली. पडद्याच्या कडेला तिची लेक उभी होती आणि तिच्या छातीशी धुळीने माखलेले दोन मोठे बूट घट्ट धरलेले होते.

पडदा हाताच्या अंतरावर होता. बूट त्यामागे टाकून हात झटकायला एक क्षण पुरला असता. सुमेधाला ते सुचलंही. पण स्टेजवर शिमग्याची चाल सुरू झाली होती, आधी अडखळत, मग मोकळी. टोप्या घातलेली माणसं ठेका धरू लागली होती, आणि तो मात्र त्यांच्याकडे न बघता खाली मान घालून वाजवत होता. उत्तर काय येईल याची त्याला किती भीती वाटते आहे, हे तिला एवढ्या लांबून दिसलं. माझ्याएवढीच, तिला वाटलं. आणि तिला तो इतका आवडला, की घाबरायला जागाच उरली नाही.

तिने बूट काखेत मारले, खिशातलं कार्ड काढलं, भिंतीवर टेकवलं आणि चौथ्या रकान्यात लिहिलं.

चाल संपल्यावर निवेदकाने ते वाचलं. "किसन, फ्रॉम गुहागर. फॉर… सुमेधा." मग चष्म्यावरून त्याने आपल्या गाइडकडे पाहिलं आणि मिशीत हसला.

आईबाबा पडद्यामागे आले तेव्हा किसन मोज्यांवर उभा होता. एका मोज्यातून अंगठा बाहेर आला होता, तो लपवायची त्याची धडपड चालली होती.

"नमस्कार, काकू," तो म्हणाला.

सुचित्राताईंनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग अंगठ्याकडे, मग लेकीच्या काखेतल्या बुटांकडे. सुमेधाला तो वेळ बारा शनिवारांपेक्षा मोठा वाटला.

"सगळे बुटांनिशी चढले," आई शेवटी म्हणाली. "हा एकटा काढून चढला. तेवढं मी पाहिलंय. बाकीचं घरी बोलू."

"म्हणजे उद्याचा अकराचा कॉल खलास?" बाबांनी विचारलं.

"खलास म्हटलं का मी? पुढे ढकला म्हणते आहे. आणि अहो, ती टोपी काढा आधी."

दोघं बाहेरच्या दिशेने निघाली. किसनने हात पुढे केला.

"बूट देता, मॅडम?"

"मॅडम कोण?" सुमेधाने बूट पाठीमागे लपवले. "कार्डावर नाव लिहिलंय. वाचता येत असेल तर घ्या."

त्याने एकदा दाराकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे.

"सुमेधा," तो म्हणाला.

मग तिने ते दिले.