राखणदाराच्या पायाशी थंड पाणी

होडी पाण्यात लोटण्याआधी कानातलं यंत्र काय बोलतं ते ऐकायचं, हा मेढेतळच्या बायकांचा आता रोजचा रिवाज झाला होता. "नमस्कार. बंदरातलं पाणी अठ्ठावीस अंश. लाल शैवालासाठी अनुकूल." आवाज गोड आणि शहरी, जेवलात का विचारावं इतका आपुलकीचा. द्वारका मोंडकर त्याला रोज "बरां हां गो बाय" असं उत्तर द्यायची.

त्या दिवशी तिने उत्तर दिलं नाही. शैवाल लावलेल्या तराफ्यापाशी जाऊन तिने दोरी वर ओढली. बोटाएवढ्या जाड, तांबूस, मांसल फांद्या यायला हव्या होत्या, तिथे पांढरंफटक, बुळबुळीत काहीतरी लोंबत होतं. चिमटीत धरताच तुटून पाण्यात पडलं.

"शिरा पडांदे ह्या पाण्यार!" द्वारका ओरडली. "अठ्ठावीस म्हणे! माझे पाय चटाचट भाजतत ते काय मस्करी म्हणान?"

पण पायांवर कोण विश्वास ठेवणार? खुद्द द्वारकेनेही इतके दिवस ठेवला नव्हता. वय झालं, अंगात कडकी असेल, अशी स्वतःची समजूत काढून ती कानातल्या आवाजाच्या भरवशावर रोपं बांधत राहिली. मासळी कमी झाल्यावर याच शैवालाने गाव तगवलं होतं. आइस्क्रीमपासून औषधाच्या गोळीपर्यंत जे जे घट्ट आणि मऊ लागतं, त्यात याचा चीक जातो. आता गावाला बंदराचा भाडेपट्टा नव्याने मिळायचा होता आणि तपासणीत मेलेलं शैवाल दिसलं तर तो रद्द होणार होता. मग हे पाणी कुणाला मिळणार, ते वेगळं सांगायला नको. सड्यावर, वरच्या कातळाच्या माळावर, नव्या गणनागृहाची पांढरी भिंत उन्हात चकाकत होती. आत हजारो संगणक अहोरात्र आकडेमोड करत, तापत, आणि त्यांना गार करून गरम झालेलं पाणी पुन्हा समुद्रात जाई. गणनागृहाच्या कंपनीला दुसऱ्या नळासाठी हेच बंदर हवं होतं.

हेमांगी खोबरेकर दुपारी आली. गावचीच मुलगी, तालुक्याच्या कॉलेजात समुद्री वनस्पती शिकवणारी. तिने आपला तापमापक पाण्यात सोडला. तेहतीस.

"रोग नाही हा, काकी. शैवाल भाजलंय." शास्त्र सांगायला लागली की हेमांगी मालवणी सोडून कॉलेजची मराठी बोलायची. "तिसापर्यंत हे भराभर वाढतं. एकतीस-बत्तीसच्या वर गेलं की रंग सोडतं, पेशी फुटतात, वर जंतू बसतात. माशाला पळता येतं, याला पाय नाहीत. पाणी तापलं की जागच्या जागी मरायचं, आणि ज्याचे बीजाणू थंड पाण्यात जाऊन पडतील त्याचाच वंश पुढे. सगळ्या किनाऱ्यावरची शैवालं अशीच पिढ्यान्‌पिढ्या सरकत असतात."

"मास्तरीण बाई, ह्यां आमका शिकवच्यापेक्षा त्या सायबाक शिकव."

साहेब म्हणजे पुष्कर नाडगौडा, गणनागृहाचे व्यवस्थापक. दोघी त्यांच्याकडे गेल्या तेव्हा ते हसून म्हणाले, "ताई, तुमचा तापमापक म्हणजे तुमचाच ना? कायद्यात तापसाक्षीचं वाचन धरतात."

आणि कायदा तसाच होता! फोटो, चित्रफिती, आकडे, सगळं यंत्रं हुबेहूब बनवायला लागल्यावर सरकारने ठरवून टाकलं होतं की समुद्राच्या तापमानाला साक्षीदार एकच, तो म्हणजे तापसाक्षी. बंदराच्या तोंडाशी साखळीने बांधलेला पिवळा बोया, पोटात सीलबंद तापमापक. कानातला आवाज त्याचाच आकडा सांगे. माणसाची साक्ष नको, माणूस खोटं बोलतो. बोया खोटं बोलत नाही ना!

"मग आपण तापसाक्षीपाशी जाऊन पाणी मोजूया," बाहेर आल्यावर हेमांगी म्हणाली.

द्वारकेचा चेहरा बदलला. "थय जावचा नाय."

बोया आला तेव्हा मेढेतळने त्याचं स्वागत केलं होतं, कंपनीने नव्हे. समुद्राची राखण करायला आलाय तर तो गावच्या देवासारखा राखणदारच, असं म्हणून गावाने नारळ दिला, हळदकुंकू लावलं, गाऱ्हाणं घातलं. बायकामाणसांनी "होय महाराजा" म्हटलं. त्याच्याभोवती हद्द आखली. आत जाळं टाकायचं नाही, वल्हं मारायचं नाही. जुन्या वडाखालच्या राखणदाराला जो मान, तोच ह्याला. तेव्हापासून एकही होडी त्या पिवळ्या बोयाजवळ गेली नव्हती. नाडगौडा त्या दिवशी पूजेला अनवाणी उभे होते आणि प्रसादही मागून घेतला होता.

"मान दिलेलो मोडूचो कसो गो?" द्वारका म्हणाली. हेमांगीने तापमापक पिशवीत ठेवला. असल्या बाबतीत हट्ट धरून चालत नाही, हे तिला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी भरतीच्या रेषेवर द्वारकेला एक झुपका सापडला. तपकिरी, करवती पानांचा, देठांवर हवेचे टपोरे मणी. ती वाळूत बसलीच. "ह्यां माझी आवस माडांच्या मुळाक खत म्हणान घालायची. मी परकरात असताना. मगे कधी दिसलांच नाय."

हेमांगीने तो उलटसुलट करून पाहिला. "काकी, तुमच्या आईच्या वेळेनंतर पाणी तापलं तसं हे उत्तरेला गुजरातकडे गेलं. इथे फक्त धुळीएवढी सूक्ष्म रोपं खडकांत झोपून राहिली असतील. ती जागी व्हायला थंड पाणी लागतं. तेहतिसात हे जगायचं नाही." मग तिने मुळाच्या जागची, खडकाला धरणारी पकड पाहिली आणि झुपका द्वारकेपुढे धरला. पकडीत पिवळ्या रंगाचा पोपडा घट्ट धरलेला होता.

मेढेतळच्या सगळ्या किनाऱ्यावर पिवळा रंग एकाच वस्तूला होता, तापसाक्षीला.

द्वारकेने तो पोपडा पदराच्या गाठीत बांधला. मग घरी जाऊन नारळ घेऊन आली. पाण्यात कमरेपर्यंत उभी राहून तिने हात जोडले. "बाबा राखणदारा, लेकरां तुझ्या हद्दीत येतत. चूक असली तर आमच्या पदरात घाल, लबाडी असली तर ज्येची तेका दाखव." नारळ सोडला आणि होडी लोटली.

हद्द ओलांडली तसा वल्ह्यावरचा शिंतोडा गार लागला. द्वारकेने हात बुडवला आणि झटक्यात बाहेर काढला, ऊन पाण्यातून आल्यावर ते इतकं गार लागलं. खाली स्वच्छ पाण्यात तपकिरी शैवालाचं रान डुलत होतं. बोयाभोवती गोल, अगदी आखून दिल्यासारखं. गोलाच्या बाहेर उघडा, करपलेला खडक. हेमांगीने कॅमेरा घेऊन बुडी मारली. वर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते, आणि ते खारटपणाने नव्हते.

"खाली नळ आहे, काकी. खोल समुद्रातून ते संगणकांसाठी थंड पाणी ओढतात ना, त्याचाच एक फाटा. थेट बोयाच्या पायाशी सोडलाय. तो पाणी अठ्ठाविसावर धरून ठेवतो. बाकी सगळ्या बंदरात गरम पाणी."

परतताना द्वारका एवढ्या जोराने वल्हं मारत होती की होडी तिरकी जात होती. आमच्या श्रद्धेची भिंत करून तिच्याआड चोरी केली! गाव हात जोडतंय, जवळ फिरकत नाही, मग यापेक्षा स्वस्त पहारा कुठला? ताप आलेल्या लेकराला औषध द्यायचं सोडून तापमापकालाच थंड पाण्यात बुडवून ठेवणारी ही जात!

भाडेपट्ट्याची सुनावणी पंचायतीच्या सभागृहात झाली. द्वारकेने तपकिरी शैवालाची टोपली टेबलावर उपडी केली. पाणी कागदांवरून वाहत खाली गेलं. हेमांगीने नळाची चित्रफीत दाखवली, शैवालाचं सांगितलं.

"ही चित्रफीत कुणीही बनवू शकतो," नाडगौडा शांतपणे म्हणाले. "आणि गवत कुठूनही वाहत येतं."

पट्टा देणाऱ्या सरकारी अधिकारी बाईंचा चेहरा पडला होता. त्यांना पटलं होतं, हे सगळ्यांना दिसत होतं. "मला पटून उपयोग नाही हो. नळाची चौकशी मी वर पाठवते, पण तिला वेळ लागेल. आज मला तापसाक्षीचंच वाचन धरावं लागतं. त्याप्रमाणे पाणी चांगलं आहे, तेव्हा शैवाल मेलं तर दोष तुमचाच ठरतो. पुढच्या तपासणीला निरोगी पीक दिसलं तरच पट्टा राहील."

सभागृहात गलका उठला. हेमांगीने कपाळावर हात मारला. द्वारका मात्र उभी राहिली.

"बाईंनू, राखणदार सांगता थयचां पाणी चांगलां, बरोबर?"

"नियमाप्रमाणे, हो."

"मगे आमी आमचे तराफे राखणदाराकडेच बांधतो."

नाडगौडा ताडकन उठले. "तिथे बंदी आहे! कुणालाच जाता येत नाही!"

"बंदी कुणाची?" अधिकारी बाईंनी समोरच्या पडद्यावर नियम चाळले. पुन्हा चाळले. "बोयाला हात लावायचा नाही, एवढंच आहे. जवळ जायची बंदी इथे कुठेच नाही. आणि ही जागा तर पट्ट्यातच येते."

"बंदी आमची, सायबानू," द्वारका म्हणाली. "देवाक मान म्हणान आमी घातली. तुमी पाया पडलात, परसाद खाल्लात, आणि तेच्याच पायाकडे चोरी केलात. हद्द आमी घातलेली, आमीच उठवतो. आता तो नळ बंद करा बघया! बंद केलात तर राखणदार तेहतीस बोलतलो. चालू ठेवलात तर माझी रोपां जगतली. काय तां तुमीच ठरवा."

मागून कुणीतरी म्हणालं, "होय महाराजा!" आणि सगळं सभागृह हसलं. नाडगौडा सोडून.

दुसऱ्या दिवशी पुन्हा नारळ देऊन, राखणदाराची क्षमा मागून बायकांनी तराफे ओढत नेले. वाचलेली तांबूस रोपं नव्या दोऱ्यांना बांधली. कानातला गोड आवाज म्हणाला, "पाणी अठ्ठावीस अंश. लाल शैवालासाठी अनुकूल." कित्येक महिन्यांत प्रथमच ते खरं होतं, आणि त्यामुळेच द्वारकेला जास्त चीड आली.

कारण त्या गोलात सगळे तराफे मावत नव्हते. निम्म्याहून जास्त बाहेर, ऊन पाण्यात राहिले. त्यांच्या मालकिणी होड्यांत बसून गोलाकडे बघत होत्या. पलीकडे उघडा खडक, त्याच्या पलीकडे शेजारच्या गावांची बंदरं, आणि तिथे प्रत्येकाच्या तोंडाशी एकेक पिवळा बोया.

द्वारकेने दोरीची शेवटची गाठ मारली आणि हात थंड पाण्यात तसेच राहू दिले.

"हेमा, कंपनीवाल्यांका पाणी थंड करूक येता गो," ती म्हणाली. "येता हां, बघ. मगे आमच्या वाटणीक फक्त तापमापकाच्या पायाकडचां कित्याक?"