दहाव्याच्या भाताची मूर्त

खोटं रचायला लागते तेवढी शाळा मी शिकले नाय. हौसा माझी धाकटी जाऊ, दीर गेल्यापासून एकटीच राहते. रोह्यात आमची भिंतीला भिंत. तिने पाहिलं तेच सांगते. ज्याला पटत नसेल त्याने वाचू नये.

गेल्या श्रावणातली भर दुपार. जागा, पेणजवळचं जोहे.

हौसा धाकट्या भावाला आणायला गेली होती. पुंडलिक त्याचं नाव, धंदा गणपतींचा. त्याची बायको रंभा आषाढात वारली. तेव्हापासून हा फोन उचलत नव्हता. असाच राहिला तर बायकोमागोमाग जाईल, हीच हौसाला धास्ती.

श्रावणात जोह्यात घराघरात मूर्ती रंगवायचे पंप घरघरतात. माणसाला माणूस ऐकू येत नाय.

पुंडलिकच्या दाराशी मात्र...

काहीच नाय.

दार ढकललं आणि वास आला. आंबलेल्या भाताचा. त्यात काहीतरी गोडसर, कपाटामागे उंदीर मेल्यावर येतं तसं.

"पुंडल्या, मेल्या, घर हाय का उकिरडा?"

"हळू बोल गो आक्का. ती आताच बसलीय."

ती...

माजघरात पाटावर रंभा बसली होती.

रंभा कसली, तिचं सोंग. हाडांच्या जागी झाडू आणि लाटणं. पोटात गोधडीचा कापूस. वर कागदाचा लगदा थापलेला, त्यावर तिची नेसती साडी. डोक्याला खरे केस. भांडेवालीला द्यायला रंभाने फणीवरचे केस पिशवीत साठवले होते, तेच चिकटवलेले.

गाल ओला होता. हौसाने बोट लावलं... ते आत गेलं.

शी! तिने बोट भिंतीला पुसलं.

"लगद्यात काय कालवलंस रे?"

"खळ नको का? दहाव्याचा भात व्हता. कावळा शिवलाच नाय. भटजी म्हणाला, दर्भाचा कावळा करून शिवू. मी नाय करू दिला. तिचं काय राहिलंय ते मला कळाय नको? भात उचलून आणला आन् मळला."

पिंडाचा भात. घरात आणलेला. हाताने मळलेला.

म्हशींची बाळंतपणं काढणारी बाई हौसा, पण तिनेही नाकाला पदर लावला. भावाची मानगूट धरून तिने त्याला मागच्या दारी नेलं आणि धोंडीवर बसवून त्याचे हात घासले.

"डोळे तेवढे राहिलेत," तो म्हणाला. "सगळ्या गणपतींची आखणी तीच करायची ना. माझा हात कापतो."

"राहू दे. आजच बुडवायचीय."

दोघं आत आली...

डोळे आखलेले होते.

काळे. ओले. बाहेरच्या टोकाला जरा वर ओढलेले, रंभा ओढायची तसे. आणि लगद्याच्या उजव्या बोटावरून काळा रंग अजून ठिबकत होता.

घरात तिसरं माणूस नव्हतं.

हौसाने ते धूड चादरीत गुंडाळलं. दोघांनी उचलून खाडीवर नेलं. पुंडलिक कमरेएवढ्या पाण्यात तिला मिठी मारून उभा राहिला. लगदा सुटला. पाणी दुधाळ झालं. हातात साडी आणि झाडू उरला तरी याची मिठी सुटेना.

"ये रे वर." हौसाने हात धरून ओढला.

तो आला... रिकाम्या सुपासारखा. वजनच नाय.

उपाशी राहून सुकला असेल, असं म्हणत तिने त्याला रोह्याला आणलं.

दुसऱ्या दिवशी तेल लावून ती त्याची पाठ चोळायला बसली. मळ निघाला. करडा. मग वळ्या. मग मूठभर...

चोळलं तिथे खड्डा पडला होता. रक्त नाय.

"बस गो आक्का," तो शांतपणे म्हणाला. "पाण्याने अजून जाईल."

हौसाने मोरीतलं खरवडून काढलं. मला सोडून कोणाला बोलली नाय. भाऊ वाचवून आणला, असं आळीभर सांगते. अंघोळ मात्र घालत नाय.

परवा मी गेले तर परातीत तांदळाचं पीठ तोच मळत होता. मनगटापर्यंत. पीठ कुठे संपतं आणि हात कुठे सुरू होतो, दिसत नव्हतं.

"जेवून जा," हौसा म्हणाली. माझ्याकडे न बघता.

मी उपास सांगून उठले.

त्या घरात खाणारी माणसं दोन. पण भिंतीपलीकडे ओला लगदा थापावा तसा आवाज येतो... जेवणं होऊन भांडी घासून झाली तरी येतच राहतो.