झोपाळ्याची पिन

ऋग्वेदा जोएलच्या ओट्यापाशी पहिल्यांदा येऊन उभी राहिली, तेव्हा दोघांच्याही अंगात बोलायचं त्राण नव्हतं. ती परळच्या इस्पितळात दिवसभर लोकांचे आखडलेले गुडघे वाकवून आली होती. आणि रे रोडला बोटीच्या शिडीवरून पडलेला जोएल उजवा हात प्लास्टरमध्ये घालून बसला होता.

“झोपाळ्याच्या कडीतली पिन झिजलीय,” तिने पितळेचा तुकडा पुढे केला. “तुमच्याकडे लेथ आहे म्हणाले.”

“लेथ आहे. हात नाही.”

“मग?”

“तुमचे दोन आहेत ना!”

आता गिरगावात कारागिरांचा काही दुष्काळ पडलेला नव्हता. शहाण्या मुलीने दुसरं दुकान गाठलं असतं. पण ऋग्वेदा इतकी दमली होती, की समोर स्टूल दिसलं आणि ती बसली.

जोएलच्या बुटक्या लाकडी घराच्या पडवीत त्याच्या वडिलांचा छोटा लेथ, म्हणजे धातू कातायचं यंत्र, होता. रोज संध्याकाळी ती येई, बांगडी काढून ठेवी, केस वर बांधी आणि पितळ कातायला शिके. पहिल्याच तासाभरात ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं होतं.

“पितळ धरणाऱ्या या जबड्याला, चकला, चावी लावलीस की ती काढल्याशिवाय हात सोडायचा नाही,” जोएल बजावी. “राहिली आणि मशीन फिरलं, तर डोकं फोडेल.”

एकदा थकव्याने ती विसरलीच. बटणाकडे गेलेलं तिचं मनगट त्याने डाव्या हाताने पकडलं. तिने चावी काढली.

“निघाली रे चावी,” थोड्या वेळाने ती म्हणाली.

“हो... दिसतंय.”

“मग माझा हात?”

तो कानापर्यंत लाल झाला.

पहिली पिन जमत आली होती. जोएलने माप घेतलं, “अजून एक कट घे” म्हणाला, आणि पिन बारीक होऊन वाया गेली. कातलेलं पितळ काही परत चिकटत नाही! दुसरीचंही तेच झालं. घरी बाबांची, कमलाकांतांची, दुपारची झोप त्या झोपाळ्यावाचून उडाली होती, आणि इकडे ऋग्वेदाला चक्क बरं वाटलं होतं. पिन झाली की इथे यायचं निमित्त संपणार होतं. त्या विचाराने तिला जास्तच दमल्यासारखं होई.

तिसरी पिन झाली, त्या संध्याकाळी जोएल म्हणाला, “अजून एक कट.”

तिने मशीन बंद केलं. एव्हाना तिला मापाचा कॅलिपर वाचता येत होता. तिने स्वतः माप घेतलं, पिन सोडवली, पर्समधून आणलेली झोपाळ्याची जुनी कडी काढली आणि पिन तिच्यात सरकवली. पिन अलगद बसली.

“बरोबर आहे ही.”

“जरा... जाड वाटतेय.”

“जोएल, मागच्या दोन्हीही बरोबर होत्या ना?”

त्याने जमिनीवरचा पितळेचा चुरा पायाने बाजूला सारला.

“होत्या. परवा प्लास्टर निघणार,” तो हळूच म्हणाला. “मग तू कशाला येशील? संध्याकाळ झाली की तुझ्या चपलांचा आवाज येतो का, तेच ऐकत बसतो मी. आवडतेस तू मला. झालं, बोललो.”

“अरे, बाबा तिकडे दुपारभर तळमळतायत!”

“सॉरी... खरंच.”

तिला राग आला. पण दिवसभर उभं राहून आलेल्या माणसाचा राग किती टिकणार? आणि पिन वाया गेल्यावर मनातून खूश झालं होतं कोण? तिने पिन रुमालात गुंडाळली, बांगडी चढवली आणि ओटा उतरली. कोपऱ्यापर्यंत गेली आणि परत आली.

“झोपाळ्याच्या बाकीच्या पिनाही झिजल्यात.”

जोएलने मान वर केली.

“प्लास्टर निघाल्यावरही येईन,” ती म्हणाली. “दमलेलं माणूस इथे चालत असेल तर.”

“चालेल ना! रोज चालेल.”

“पण यापुढे,” तिने लेथवर पडलेला कॅलिपर उचलला आणि पर्समध्ये टाकला, “माप मी घेणार.”