खंडेनवमीला झोपलेला बगळ्या

दसऱ्याच्या पहाटे बगळ्या जागा झाला, डोळ्यांचे दिवे लावून त्याने सगळ्यांना नमस्कारही केला आणि मग तळ्याच्या काठावर नुसता उभा राहिला. काम शून्य!

बगळ्या हा रेवाच्या घरचा यंत्रमानव. धरमतरच्या खाडीकाठी तळ्यांमध्ये जिताडे मासे पाळतात ना, त्यातल्या एका तळ्याची राखण तो करतो. लांब पायांमुळे रेवानेच त्याचं हे नाव ठेवलं. पाण्यातला प्राणवायू घटला की तो तळ्यातली चाकं फिरवतो. चाकं पाणी घुसळतात आणि हवा पाण्यात मिसळते. रात्रभर शेवाळही प्राणवायू वापरत असतं, त्यामुळे पहाटे तो सगळ्यात कमी असतो.

"आबा, जिताडे वर आलेत! तोंड उघडून हवा घेतायत!" रेवा ओरडली. बोटाएवढे होते तेव्हापासून तिने त्यांना खायला घातलं होतं.

आबा, म्हणजे तिचे समुद्रशास्त्रज्ञ आजोबा, धावत आले. बगळ्याच्या छातीवरच्या पडद्यावर झळकत होतं : 'अभिनंदन! तुमच्या नव्या यंत्रमानवासाठी रंगीत टोप्या पाहा.'

"अरे, टोप्या कसल्या बघतोस?" रेवा चिडली.

"मला एवढंच दिसतंय, रेवाताई," बगळ्या शांतपणे म्हणाला.

"रेवा, पडद्यावर तळ्याचं पान उघडून दे त्याला!" आबा म्हणाले.

रेवाने पत्ता टाकला. पान उघडलं, प्राणवायूचा लाल आकडा दिसला आणि चाकं लगेच फिरू लागली. हळूहळू जिताडे खाली गेले. रेवा बांधावर बसली आणि तिला रडूच फुटलं.

"रोज तर नीट करतो. आजच काय झालं त्याला?" डोळे पुसत तिने विचारलं.

"काल आपण त्याचं काय केलं?"

काल खंडेनवमी. हत्यारं-अवजारं पुजायची आणि त्यांना विसावा द्यायचा दिवस. कोयता, जाळं, मोटरसायकल आणि त्यांच्या रांगेत बगळ्या! त्याला हार घातला, कुंकू लावलं आणि घरी आल्यापासून पहिल्यांदाच पूर्ण बंद केलं. आज पहाटे पुन्हा चालू केलं.

"बगळ्याच्या पोटात ब्राउझर आहे (इंटरनेटवरची पानं उघडून दाखवणारा प्रोग्रॅम)," आबा म्हणाले. "तळ्यातली यंत्रं आपले आकडे एका पानावर पाठवतात आणि बगळ्या ते पान वाचतो. तो आला त्या दिवशी मी ते पान उघडलं, ते कालपर्यंत उघडंच होतं. मला वाटलं, त्याला पाठ झालं! पण ब्राउझर सुरू होताना काय उघडायचं, हे वेगळं सांगावं लागतं. ते मी सांगितलंच नव्हतं. म्हणून त्याने कंपनीचं पान उघडलं."

त्यांनी सेटिंग (यंत्राच्या सवयी ठरवायची जागा) उघडली. कंपनीचं पान, बंद करताना उघडी असलेली पानं किंवा आपण निवडलेली पानं, यांतलं एक निवडायचं होतं.

"बंद करताना होती तीच बरी. थांबला तिथून पुढे!" रेवा म्हणाली.

"काल शेवटी काय उघडं होतं?"

रेवाने जीभ चावली. पूजेच्या वेळी आत्याला आरतीचे शब्द आठवेनात, म्हणून तिनेच तळ्याच्या पानाच्या जागी आरती उघडून दिली होती.

"म्हणजे आज त्याने जिताड्यांना आरती ऐकवली असती," आबा हसले.

मग रेवाने 'आपण निवडलेली पानं' यावर बोट ठेवलं. पहिलं पान तळ्याचं, दुसरं भरती-ओहोटीचं. तिसरं तिच्या कार्टूनचं टाकून तिने हळूच आबांकडे पाहिलं.

"उठल्याउठल्या त्याला हे लागतं?"

तिने ते काढून टाकलं.

"आता बंद करून पुन्हा चालू कर. खरंच झालं का ते पाहिल्याशिवाय कळायचं नाही."

रेवाचा हात पुढे होईना. ऊन वर आलं, आता शेवाळच प्राणवायू सोडू लागलं असेल, असं आबांनी समजावलं तेव्हा कुठे तिने बटण दाबलं. चाकं थांबली. पुन्हा बटण. बगळ्याने डोळे उघडले, नमस्कार केला आणि म्हणाला, "प्राणवायू पुरेसा. ओहोटी सुरू." टोप्यांचं नाव नाही! रेवाने त्याच्या लांब पायांना मिठीच मारली.

संध्याकाळी शेजारच्या तळ्याचे हिराजीकाका सोनं द्यायला आले.

"काका, तुमचा यंत्रमानव उठल्यावर आधी काय पाहतो?" रेवाने विचारलं.

"आमचा तं कवा बंदच केला नाय," काका हसले.

"म्हणूनच विचारतेय," रेवा म्हणाली आणि काकांचा हात धरून त्यांच्या तळ्याकडे निघाली.