रिकामी करडगी

चनबसप्पा सकाळच्या गाडीनं सोलापुराहून पुण्याला आला तो चादरींचे नमुने दाखवायला. सोलापुरातल्या सात रस्त्याला त्याचं दुकान होतं. काम अकरालाच उरकलं, परतीची गाडी दुपारची. मधल्या वेळात पठ्ठ्यानं मुकाट्यानं जेवून घेतलं असतं तर बरं झालं असतं. पण चार वर्षं जे टाळलं, नेमकं तेच त्यानं त्या दिवशी केलं. भुयारी मेट्रोचं ते स्टेशन गाठलं आणि सरकत्या जिन्यावर पाय ठेवला.

याच स्टेशनाच्या खोदाईवर त्याचा धाकटा भाऊ प्रभुलिंग गेला होता. अपघात वगैरे नाही. काम करता करता छातीत कळ आली आणि संपला. लिंगायतांच्या रीतीप्रमाणे सोलापुरात त्याला बसता करून माती द्यायची होती, डाव्या तळहातावर त्याचं इष्टलिंग ठेवून. त्यासाठी चनबसप्पानं भावाच्या गळ्यातली चांदीची करडगी, लिंग ठेवायची डबी, उघडली आणि तो जागीच गार पडला. आत लिंगच नव्हतं. खड्ड्याकाठी भाऊबंद खोळंबलेले, आईचा आक्रोश चाललेला. लिंगाविना भाऊ मातीत घालायचा कसा? त्यानं कुणाच्या नकळत स्वतःचं लिंग काढून प्रभूच्या हातावर ठेवलं. लिंग अंगावेगळं झालं की माणूस जिवंतपणी मेला, हे तो लहानपणापासून ऐकत आला होता. तरी ठेवलं, कारण भावावर त्याचा फार जीव होता. तेव्हापासून तो गळ्यात रिकामी करडगी घालून वावरत होता. बायकोलाही सांगितलं नव्हतं.

जिना संपता संपेना. शहराचा गलबला हळूहळू वरच राहिला. खाली सगळं चकचकीत, पण वास मात्र ओल्या, नुकत्याच उकरलेल्या मातीचा येत होता. पाच-सहा माणसं मोबाइलमध्ये डोकं घालून उभी होती. फलाटाच्या पार टोकाला, जिथं उजेड कमी होता, तिथं एकजण भिंतीला टेकून मांडी घालून बसला होता. त्याचा डावा हात छातीशी होता आणि मूठ मिटलेली होती.

चनबसप्पाच्या अंगावर सर्रकन काटा आला. माती देताना भावाला घातलेला पांढरा सदरा त्यानं ओळखला.

"प्रभू...?"

"आलास व्हय, अण्णा? लई वाट बघितली."

"तू... हितं कसा?"

"माझं लिंग हितंच पडलंय की. तिकडं आत, बोगद्यात. हात पुरंना." त्यानं मूठ उघडली. "हे तुझं हाय. घेऊन जा."

चनबसप्पाच्या डोळ्यांना धार लागली. भाऊ चार वर्षं इथं अडकून पडला आणि आपण दुकानात गिऱ्हाइकं बघत बसलो, या विचारानं त्याला स्वतःची किळस आली.

"न्हाय घेणार. मी तुला दिलंय ते."

"मग मला तुझ्या नावानंच जावं लागंल, अण्णा..."

"कसाबी जा. पण हितनं सुट, बाबा."

प्रभू मूठ मिटून सावकाश उठला. "कुंदरु, अण्णा," घरच्या कानडीत त्यानं बस म्हणून सांगितलं, "दमलास."

चनबसप्पा तिथंच, प्रभूच्या जागी, भिंतीला टेकून बसला. गाडी आली, दारं उघडली, प्रभू आत चढला. त्यानं मागं वळून पाहिलं नाही.

गाडी सुटून मिनिटही झालं नसेल, तोच खिशातला फोन वाजला.

"हॅलो, कोण बोलतंय?" सोलापुराहून बायको, चंद्रिका, विचारत होती. "हा फोन आमच्या ह्यांचा हाय. पुण्यात कुटंतरी इसरून आलेत. आत्ताच घरात आले न् पूजेला बसलेत. तुमी कोण?"

त्यानं नाव सांगायला तोंड उघडलं. आवाज फुटेना.

"हॅलो...? कोण हाय तितं?"

उठावं म्हणून त्यानं फरशीवर हात टेकला. हात मनगटापर्यंत ओल्या, भुसभुशीत मातीत रुतला.