सातवीचे ओठ

इस्पितळाच्या जुन्या प्रतीक्षालयात भिंतभर एक चित्र होतं. लांब बाकावर सात बायका, डॉक्टरांच्या हाकेची वाट बघत बसलेल्या. चित्र टिकावं म्हणून कुणा शहाण्याने कधीकाळी त्यावर सरस फासला होता. पुढे सरस काळवंडला आणि बायका धुराने माखल्यासारख्या दिसू लागल्या.

तो सरस काढायचं काम जुनी चित्रं दुरुस्त करणाऱ्या वहिनींकडे आलं. प्रयोगशाळेतली त्यांची नणंद त्यांना वहिनी म्हणे, म्हणून शिपायापासून अधीक्षकांपर्यंत त्या सगळ्यांच्याच वहिनी झाल्या होत्या. नणंदबाई खालच्या मजल्यावर सरस खाणारे जिवाणू वाढवत. "भुकेली आहेत माझी लेकरं, पण वळण आहे त्यांना," त्या म्हणत. "सरस तेवढा खातील, रंगाला तोंड लावणार नाहीत."

जिवाणू घातलेला लिबलिबीत लेप वहिनी तळहाताएवढ्या जागेवर लावत, दोन तास ठेवत, मग ओल्या कापसाने पुसून घेत. कुठे निळी बाही निघे, कुठे मनगट. पंधरा दिवसांत सहा जणी उजळल्या. सातवी तशीच काळी होती. महिनाअखेर तज्ज्ञ येणार होते. त्यांना काम पटलं नाही, तर भिंत पाडून तिथे लिफ्ट बसणार होती.

सोमवारी सकाळी वहिनींनी कुलूप काढलं, तेव्हा सातवीचे ओठ स्वच्छ होते. फक्त ओठ.

"तूच लेप लावला असशील आणि विसरलीस," नणंदबाई म्हणाल्या.

"वन्सं, मी गॅसवरचं दूध विसरते. काम विसरत नाही."

त्यांनी ओठांवरून कापसाची काडी फिरवून नमुना खाली पाठवला. नंतरचे तीन दिवस त्यांचं कशात चित्त लागेना. भिंतीकडे पाठ करून डबा उघडला की दोन घासांतच मान मागे वळे, आणि तोंड करून बसलं की आपलेच ओठ कोरडे पडत. हात पुन्हा पुन्हा धुऊन बोटांची सालं निघाली.

चौथ्या दिवशी दुपारी नणंदबाई स्वतः जिना चढून आल्या. एरवी त्या फोन करत.

"आपले जिवाणू नमुन्यात नाहीतच," त्या म्हणाल्या.

"मग?"

"माणसाच्या तोंडात असतात ते आहेत. लाळेतले."

"कुणीतरी खोकललं असेल."

"खोकल्याने चार-दोन उडतील. इथे थर आहे, वहिनी. आणि यातले कितीतरी उघड्या हवेत तगत नाहीत. म्हणजे सतत नवे येताहेत."

"कुठून?"

नणंदबाईंनी भिंतीकडे बघायचं टाळलं. त्या म्हणाल्या, "झाकून टाक."

उभ्या जन्मात वहिनींनी चित्रावर कधी सरस फासला नव्हता. त्या खाली गेल्या, सरस गरम करून आणला आणि मऊ कुंचल्याने सातवीच्या ओठांवर एक जाड हात दिला. नणंदबाई दाराशी उभ्या होत्या. खिडक्या बंद होत्या. पंखाही बंद होता.

सरस एकसारखा बसला.

"झालं," वहिनी म्हणाल्या आणि कुंचला पुसायला वळल्या.

"वहिनी," नणंदबाई हळूच म्हणाल्या. "जरा बघ."

दोन ओठांच्या मधोमध ओल्या सरसात एक बुडबुडा आला होता. मसुराएवढा.

सरसात हवा राहते कधीकधी, असं सांगायला वहिनींनी तोंड उघडलं.

बुडबुडा आत ओढला गेला.

मग सावकाश पुन्हा वर आला.